सुइणीचा शागीर्द

अज्ञात म्हणे! मागच्या वर्षी झांशीच्या सीपरी बाजारातल्या एका हॉलमध्ये लोकगीतांचा कार्यक्रम होता. शेजारणीनं आग्रह केला म्हणून गेले. तर एक पोरगेलासा निवेदक माइक धरून म्हणतो, "अब सुनिए, झाँसी का एक मराठी लोकगीत. पारंपरिक रचना, कवि अज्ञात." आणि गाणं कोणतं? माझ्या आजोबांचं! मी जागच्या जागी उभी राहिले आणि ओरडले, "भैया, अज्ञात असेल तुझा आजा. माझ्या आजाचं नाव तानाजी, आणि ते गाण्याच्या शेवटच्या ओळीत आहे. ती ओळ कुठं गिळलीस?" लोक वळून वळून बघायला लागले. शेजारीण माझा पदर ओढत होती. ओढू दे.

माझं नाव अंबिका. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते, त्यातली बरीचशी बाळंतिणींच्या वॉर्डात. मला हळू बोलता येत नाही. तेव्हा तानाजी कोण होता ते एकदा नीट ऐकून घ्या.

आम्ही महार. लपवायचं काय त्यात? आमचे मूळपुरुष मराठ्यांच्या फौजेबरोबर दक्षिणेतून इकडे आले. त्याच फौजेबरोबर पुजारी आले, कारकून आले, सरदार आले. एकाच रस्त्यानं आले, एकाच नदीचं पाणी पीत आले. पण झांशीत पोचल्यावर त्यांची घरं वेशीच्या आत झाली आणि आमची खंडेराव गेटला बाहेरून टेकून. सत्तावनच्या धामधुमीनंतर गोऱ्यांनी शहर जाळलं, लुटलं. ती आग काही जात विचारून लागली नाही. घरं पुन्हा बांधली तेव्हा मात्र जात विचारून बांधली.

तानाजीची आई राधाबाई, म्हणजे माझी पणजी, ही सुईण. आतल्या गल्ल्यांमधली निम्मी माणसं तिच्या हातून जगात आलेली. पण तिला राधाबाई कोण म्हणतंय? "रधिया को बुलाओ!" म्हातारी झाली तरी रधियाच. तिनं मागच्या दारानं यायचं, मोरीजवळच्या खोलीत जायचं, बाई मोकळी करायची, नाळ कापायची, पोर पुसून द्यायचं आणि मागच्याच दारानं निघायचं. ती गेली की तिची बसायची जागा शेणानं सारवायची. पोराला आंघोळ घालून तिचा विटाळ धुऊन टाकायचा. पोराचं बारसं पुढच्या अंगणात व्हायचं, तेव्हा हिच्या वाटणीच्या घुगऱ्या भिंतीवरून फेकायच्या.

घरी सांभाळायला कोणी नव्हतं, म्हणून लहानपणी तानाजी तिच्याबरोबर जायचा आणि मागच्या दाराबाहेर पायरीवर बसून राहायचा. आतून आईचं गाणं ऐकू यायचं. राधाबाईची ती पद्धतच होती. बाळंतिणीला ती गाण्यावर चालवायची. कळ आली की चाल चढवायची, ओळ छोटी करायची, ठेका दाबायचा. कळ ओसरली की चाल लांबवायची, बाईला दम खाऊ द्यायचा. शब्द तिथल्या तिथे जोडायची. सासूवर, नवऱ्यावर, त्या पोटातल्या आळशी पोरावर. कण्हणारी बाईसुद्धा मध्येच हसायची म्हणे. आजोबा म्हणायचे, "मी शाळेत गेलो नाही, मी पायरीवर शिकलो."

मोठा झाल्यावर तो रेल्वेच्या कारखान्यात लागला. इंजिनाच्या बॉयलरला रिव्हेट ठोकायचं काम. दिवसभर हातोडा आणि दिवसभर तोंडात ओळ. कारखान्यानं त्याला बूट दिले, आणि त्या बुटांनीच पहिलं भांडण लावलं. आमच्या माणसांनी वरच्या गल्लीतून जाताना पायताण काढून हातात घ्यायचं, अशी रीत होती. तानाजी एका संध्याकाळी कामावरून तसाच बूट वाजवत गेला. कोणीतरी आडवा आला. "काय रे तनुआ, डोळे फुटले का?" तानाजी म्हणाला, "बूट सरकारचा आहे भैया. काढायचा तर साहेबाची चिठ्ठी आण." दुसऱ्या दिवशी त्यानं त्यावर गाणं केलं आणि कारखान्यातली तीसेक माणसं ते गाणं म्हणत, टाचा आपटत, त्याच गल्लीतून गेली. एकाच्याही हातात पायताण नव्हतं. ती रीत तिथंच मेली. चुलीत गेली असली रीत!

पण तानाजीला खरी हाव होती फडाची.

खंडेराव गेटजवळच्या मोकळ्या जागेत रंगपंचमीला दुपारपासून फड भरायचा. गावातले शाहीर डफ घेऊन रिंगणात उतरायचे, एकानं सवाल टाकायचा, दुसऱ्यानं जबाब द्यायचा. फडाचे कायदे मोठे कडक. पहिला कायदा, गाण्याच्या शेवटच्या ओळीत कवीनं आपलं नाव घालायचं. त्याला छाप म्हणायचे. छाप घालायचा अधिकार फक्त फडात बसणाऱ्याला. दुसरा कायदा, फडात बसायचं तर गुरु पाहिजे. गुरूनं मनगटाला धागा बांधलेला पाहिजे. शाहीर रिंगणात आला की त्यानं गुरूचं नाव घ्यायचं, आणि सगळ्या फडांच्या प्रमुखांनी उठून त्या नावाचा जय म्हणायचा. एकदा जय म्हटला की तो माणूस जन्मभर फडाचा. ज्याला गुरु नाही तो निगुरा. निगुऱ्यानं दोरीबाहेर उभं राहून ऐकायचं आणि मुकाट घरी जायचं.

आता महाराच्या मनगटाला धागा बांधणार कोण? त्याला हात लावावा लागतो ना!

तानाजी तीन उस्तादांकडे गेला. दोघांनी दारातूनच परतवलं. तिसरे नीलकंठराव. कचेरीत मोठे कारकून, आपलेच मराठी, सगळ्यात मोठ्या फडाचे प्रमुख. खोटं कशाला बोलू, माणूस गुणी होता. चालीचा पक्का, कानाचा त्याहून पक्का. त्यांनी तानाजीला अंगणाबाहेर उभं करून ऐकलं. चार गाणी ऐकली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "पोरा, तुझ्या जिभेवर सरस्वती आहे रे!" तानाजीनं मनगट पुढं केलं. नीलकंठराव दोन पावलं मागं सरले. "तसं नको. तू मला मनातून गुरु मान. लांबून नमस्कार कर. फक्त फडात माझं नाव घेऊ नकोस."

ऐकलंत? मनातून मान, नाव घेऊ नकोस! अहो, गुरु आहे की चोरून ठेवलेली बाई?

आणि पुढची कमाल ऐका. त्या वर्षीच्या रंगपंचमीला नीलकंठरावांनी त्या चारातलं एक गाणं फडात म्हटलं. शेवटी छाप स्वतःची. तानाजी दोरीबाहेर उभा राहून ऐकत होता. लोक वाहवा करत होते. नंतर त्यानं विचारलं तेव्हा नीलकंठराव शांतपणे म्हणाले, "बिनछापेचं गाणं म्हणजे वाटेवर पडलेलं फूल. मी उचललं. तुझंच नशीब, देवाच्या पायाशी गेलं." चोर तो चोर, वर शिरजोर!

तानाजी घरी आला आणि डफ भिंतीला टेकवून बसून राहिला. राधाबाई तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून घेतलं तिनं.

तो म्हणाला, "आई, मी पुढच्या वर्षी फडात उतरणार. गुरु म्हणून तुझं नाव घेणार."

"तोंडात मारीन," राधाबाई म्हणाली.

"मला ठेका कोणी दिला? चाल कोणी दिली? तूच ना?"

"मी बायका सोडवते. गाणं तोंडी लावायला. उद्या भर बाजारात माझं नाव घेशील, परवा एक घर मला बोलावणार नाही. या हातांना दुसरं काही येत नाही, तान्या. तुझ्या मजुरीत महिना निघत नाही. काय खायचं मग? तुझी छाप?"

ती खरंच घाबरली होती. तिच्याकडे त्या हातांशिवाय होतं काय? वर्षभर तानाजीनं विषय काढला नाही. कारखान्यातून यायचा, जेवायचा, झोपायचा. डफाला हात लावला नाही. त्या वर्षात नीलकंठरावांच्या छापेनं ते गाणं गावभर झालं. लग्नात वाजायला लागलं, बबीन्याच्या लष्करी छावणीपर्यंत पोचलं. एके दिवशी राधाबाई एका घरी बाळंतपण करत होती, तर समोर निजलेली बाळंतीणच ते गाणं गुणगुणायला लागली. राधाबाईनं विचारलं, "कोणाचं गं हे?" ती म्हणाली, "नीलकंठरावांचं. काय डोकं आहे ना एकेकाला!"

राधाबाई घरी आली ती रागानं लाल होऊन. तानाजीला म्हणाली, "मनगट दे." आणि कमरेच्या पिशवीतून तिनं नाळ बांधायचा दोरा काढला, त्यातला हातभर तोडला आणि त्याच्या मनगटाला तीन गाठी मारून बांधला. सुइणीची गाठ, सुटायची बिशाद नाही.

"नाव घ्यायचं तर पुरं घे," ती म्हणाली. "रधिया म्हणून घेतलंस तर बघ. राधाबाई म्हण."

रंगपंचमी आली. दुपारचं ऊन, गेटपासून गल्लीपर्यंत माणसंच माणसं, सगळ्यांची तोंडं लाल-हिरवी. वरच्या सज्ज्यांमध्ये बायका. तानाजीनं दोरी उचलली आणि सरळ रिंगणात जाऊन उभा राहिला. कारखान्याचे बूट, धुतलेला सदरा, हातात डफ. त्या वर्षी पंच एक म्हातारा रंगरेज होता, कपडे रंगवून रंगवून त्याचे हात कोपरापर्यंत निळे. तो कायद्याचा माणूस. त्यानं नेहमीचाच प्रश्न विचारला, "गुरु कौन?"

तानाजीनं मनगट वर धरलं. "माझी आई. राधाबाई. गेटाजवळची सुईण."

हशा पिकला. असा पिकला की कबुतरं उडाली गेटावरची. कोणीतरी ओरडलं, "आता डफाऐवजी सूप वाजवा!" नीलकंठराव हसले नाहीत. ते म्हणाले, "फडाचा अपमान चाललाय. हा निगुरा आहे. याचा डफ काढून घ्या आणि याला बाहेर काढा. पुन्हा या गेटाशी गाताना दिसता कामा नये."

पंच म्हणाला, "डफ घेण्याआधी त्याला जबाब देऊ द्या. ते पण कायद्यातच आहे."

फडात बुंदेली चालायची. पण त्या दिवशी आजोबा मराठीत गायले, ज्याला लागायचं त्याला नेमकं लागावं म्हणून. डफावर थाप मारली आणि आईचीच चाल धरली, कळ चढतानाची:

वेद तुमचे तुम्ही वाचा, मला पोथी ठाऊक नाही,
जिनं मला ठेका दिला तीच माझी गुरुबाई.
पहिला श्वास घेतलात तेव्हा कुणाचा होता हात?
अंग पुसलं, नाळ कापली, तेव्हा कुठं होती जात?
सवाल माझा ऐका आता, शिवली की ती शिवली नाही?
तानाजी म्हणे, शिवली तर उठा, नाही तर द्या ग्वाही!

आता हसायला कोणी नव्हतं. उभं राहावं तर जय म्हणावा लागतो. बसून राहावं तर भर फडात ग्वाही द्यावी लागते की आम्हाला हिनं शिवलं नाही. आणि खोटी ग्वाही द्यायची कोणासमोर? वर सज्ज्यात ज्याची त्याची आई बसलेली!

नीलकंठरावांना घाम फुटला, पण कचेरीतला माणूस तो, कायदा शोधलाच. म्हणाले, "शिवण्याचा प्रश्नच नाही. गुरु होण्यासाठी नुसता धागा पुरत नाही. गुरूनं शिष्याच्या कानात मंत्र फुंकावा लागतो. फुंकलाय का हिनं याचा कान? नाही ना? मग कसली गुरु?"

घोडचूक केली माणसानं. कारण दोरीपलीकडच्या गर्दीतून आवाज आला, "त्याच्या कानाचं राहू दे नीळू. तुझं तोंड फुंकलंय मी."

राधाबाई गर्दी सारत पुढं आली. साठीची बाई, काटकुळी, पदर कमरेला खोचलेला. दोरीपाशी उभी राहिली आणि एकेका प्रमुखाकडे बोट करायला लागली. "हा पायाळू. उलटा आला, दीड दिवस छळलं आईला. हा सातव्या महिन्याचा, कापसात गुंडाळून ठेवला होता मी याला. आणि हा तुमचा नीळू. गळ्याला नाळेचे दोन वेढे. काळानिळा, हलेना, रडेना. घरातल्यांनी रडायला सुरुवात केली होती. मी याच्या तोंडाला तोंड लावलं आणि वारं भरलं. एकदा नाही, वीसदा. तेव्हा कुठं हा श्वास घ्यायला लागला. आता सांग बाळा, मंत्र कुणाला फुंकला मी? गुरु कुणाची झाले?"

नीलकंठराव पांढरेफटक. "खोटं आहे हे," ते म्हणाले, पण आवाज कुठं होता त्यांचा?

वर सज्ज्यात त्यांची आई जानकीबाई बसल्या होत्या. सोवळ्यातली म्हातारी. चाळीस वर्षं ही गोष्ट पोटात ठेवलेली, नवऱ्यालासुद्धा कळू दिली नव्हती. त्या उठून कठड्याशी आल्या. एवढंच म्हणाल्या, "नीळू, ऊठ. खरं आहे ते."

आधी पंच उठला. मग बाकीचे प्रमुख एकेक करत. सगळ्यात शेवटी नीलकंठराव. मान खाली घालून पुटपुटले, "रधिया की..."

"पुरं नाव!" राधाबाई कडाडली.

"राधाबाई की जय."

"एवढाच आवाज? जन्मलास तेव्हा तिप्पट ओरडला होतास!"

मग गर्दीनं जो जयजयकार केला म्हणता, तो पार गल्लीच्या टोकापर्यंत गेला. तानाजी अंधार पडेपर्यंत गायला. पहिलं गाणं तेच म्हटलं, नीलकंठरावांनी उचललेलं, आणि शेवटी छाप घातली स्वतःची.

पण फड जिंकला म्हणून जग जिंकलं असं थोडंच असतं? दुसऱ्या दिवसापासून आतल्या गल्ल्यांचं एक बोलावणं आलं नाही. राधाबाईलाच नाही, आमच्या वस्तीतल्या कुठल्याच सुइणीला नाही. लांबून दुसऱ्या गावाहून बायका आणवल्या त्यांनी. चैत्र गेला, वैशाख गेला. वस्तीतले लोक आमच्या दाराशी येऊन भांडायला लागले. "तुझ्या गाण्यापायी आमच्या चुली विझल्या, तानाजी. जा, माफी माग." दोन महिन्यांत माणसं उलटतात हो, आणि त्यांचं तरी काय चुकलं? पोट कोणाला सुटलंय?

आजोबा खचले. आईच्या ताटात अर्धी भाकरी बघून त्यांचा जीव तुटायचा. एका सकाळी डफ कोपऱ्यात ठेवून म्हणाले, "आई, मी जातो नीलकंठरावांकडे. माफी मागून येतो."

राधाबाईनं विचारलं, "मी कोण तुझी?"

"आई."

"आणखी?"

"गुरु."

"मग गुरूला विचारल्याशिवाय माफी मागायला निघालास कसा? बस खाली. आज्ञा आहे माझी, माफी मागायची नाही. वस्तीतल्या बायकांना बोलाव. त्यांनाही सांगायचंय."

वस्तीतल्या सगळ्या सुइणी आमच्या अंगणात जमल्या. राधाबाईनं त्यांना एवढंच सांगितलं, की बोलावणं येणार, कारण कळा काही पंचांग बघून येत नाहीत आणि लांबच्या बाईला इथल्या पोरींची अंगं माहीत नाहीत. बोलावणं आलं की बाळंतिणीला नाही म्हणायचं नाही, तिचा काय दोष? जायचं. पण एका दारानंच जायचं. तानाजीनं त्यावर त्याच दिवशी गाणं बांधलं आणि आठवडाभरात सगळ्या बायकांना पाठ झालं.

आषाढात भर पावसात एक माणूस छत्री सांभाळत धावत आला. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, पण आमची पणजी गाढव नव्हती, हे त्याला ठाऊक नसावं. नीलकंठरावांच्याच घरचा नोकर. सून दोन दिवस अडलेली, बाहेरून आणलेल्या बाईनं हात टेकले होते. राधाबाई पिशवी घेऊन निघाली, भराभर चालत. मागून तानाजी. घरापाशी पोचल्यावर नोकर सवयीनं बोळात वळला. राधाबाई वळली नाही. ती पुढच्या पायऱ्या चढून थेट मोठ्या दाराशी गेली.

दारात नीलकंठराव उभे. आतून सुनेच्या किंकाळ्या. ते म्हणाले, "अगं, इकडून नाही. मागनं ये, मागनं. लवकर!"

राधाबाईनं ओला पदर पिळला. "तुझा नातू कुठल्या दारानं मिरवत नेणार तू?"

नीलकंठरावांनी एकदा आपल्या मोठ्या दाराकडे पाहिलं.

"मग त्याला आणणारी त्याच दारानं आत जाणार. सरक बाजूला, नीळू. तिला वेळ नाही."

आणि ते सरकले.